ऐकलेल्याची पारख

वॉशिंग्टनमधल्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात १९५५ साली सात हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांच्यात मिसळून दिवसच्या दिवस वावरणारा अर्व्हिंग गॉफमन हा तरुण समाजशास्त्रज्ञ डॉक्टरही नव्हता आणि रुग्णही नव्हता. कुणी विचारलंच, तर क्रीडा विभागाच्या संचालकाचा साहाय्यक अशी ओळख तो करून द्यायचा. रुग्ण आपल्या चीजवस्तू कुठे दडवतात, कोणत्या कोपऱ्यात पहारेकऱ्याची नजर पोहोचत नाही, कर्मचाऱ्यांदेखत आणि त्यांच्या माघारी माणसं किती वेगळी वागतात, हे तो वर्षभर पाहत राहिला. त्यातून १९६१ साली ‘असायलम्स’ हे पुस्तक आलं. मनोरुग्णालयांकडे पाहण्याची अमेरिकेची नजर पालटायला या पुस्तकाने मोठा हातभार लावला.

पुस्तकात तक्ते नाहीत. किती रुग्णांशी बोलणं झालं, त्यांतल्या किती जणांना तिथे राहून बरं वाटत होतं, ते कळत नाही. प्रस्तावनेत मात्र गॉफमनने दोन गोष्टी स्वच्छ सांगून टाकल्या आहेत. मोजमापं गोळा करत बसलो असतो, तर रुग्णांच्या रोजच्या जगण्याचा पोत निसटला असता, ही पहिली. आपण हे जग रुग्णाच्या बाजूने पाहिलं आहे आणि इथे येताना मानसोपचारशास्त्राबद्दल फारसा आदर मनात नव्हता, ही दुसरी. वाचकाने यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचकाने ठरवावं.

इथेच अडचण होती. वैद्यकात मोजण्याचे नियम तोवर बरेचसे ठरून गेले होते. १९४८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, म्हणजे आजच्या बीएमजेमध्ये, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापून आली होती. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवलं, की निष्कर्षावर कुणाच्या इच्छेची सावली पडत नाही, हे तिने दाखवून दिलं. पण रुग्णाचं ऐकून, दवाखान्यात बसून, घरी जाऊन जे कळतं, त्याचं काय? एकाने ऐकलं ते दुसऱ्याला पटावं, यासाठी कोणती परीक्षा लावायची? आरोग्यक्षेत्रात ज्याला आज गुणात्मक संशोधन म्हणतात, त्याच्या परीक्षेचा इतिहास साठ वर्षांहून मोठा आहे. या इतिहासात अनेक नियम आले आणि अनेक याद्या आल्या. त्या सगळ्यांतून एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला : संशोधकाच्या मांडणीत न बसणारं कुणी काही बोललं, तेव्हा संशोधकाने त्या माणसाचं काय केलं?

गॉफमनच्या पुस्तकाच्याच वर्षी, १९६१ मध्ये, ‘बॉइज इन व्हाइट’ हे दुसरं पुस्तक आलं. हॉवर्ड बेकर, ब्लांच गीअर, एव्हरेट ह्यूज आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या चौघांनी कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांबरोबर वर्ग, वॉर्ड आणि रात्रपाळ्या काढल्या होत्या. हे पुस्तक आज कमी वाचलं जातं, आणि तो तोटा वाचकांचा आहे. कारण ऐकलेल्या गोष्टीचं वजन कसं करायचं याची इतकी प्रामाणिक खटपट पुढच्या काळातही क्वचितच दिसते. विद्यार्थी डॉक्टर होताना आदर्शवाद गमावतात का, असा त्यांचा एक प्रश्न होता. एखादा विद्यार्थी काही कडवट बोलला, की हे लोक ते वाक्य नुसतं टिपून थांबत नसत. तो आपणहून बोलला की विचारल्यावर? संशोधकाशी एकट्यात बोलला की मित्रांदेखत? नुसतं बोलला की वागलाही तसंच? या भेदांनुसार त्यांनी टिपणांची वर्गवारी करून तक्ते मांडले. विचारल्यावर दिलेलं उत्तर हे कधी कधी विचारणाऱ्याचंच असतं. सगळ्यांदेखत सहज निघालेलं वाक्य त्या गटात ते मत मान्य असल्याचा पुरावा असतं. आणि एकट्यात काही वेगळंच बोलणारा विद्यार्थी भेटला, तर त्यातून गटाचं दडपण दिसतं. बेकरने हा विचार १९५८ च्या एका निबंधात आधीच मांडला होता. सर्व टिपणं छापणं अशक्य असतं. म्हणून निष्कर्ष कसा घडत गेला, त्याचा टप्प्याटप्प्याने हिशेब तरी वाचकापुढे ठेवावा, असं त्याचं म्हणणं होतं.

स्ट्रॉस पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाला संशोधन शिकवणारा माणूस हवा होता. या क्षेत्राचा पाळणा डॉक्टरांच्या नव्हे, परिचारिकांच्या घरात हलला, हे विसरलं जातं. बार्नी ग्लेझर, स्ट्रॉस आणि त्यांच्याबरोबर काम करणारी परिचारिका जीन क्विंट यांनी त्या परिसरातल्या सहा रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती काय बोललं जातं आणि काय टाळलं जातं, ते पाहिलं. अमेरिकेत तेव्हा रुग्णाला कर्करोग झाल्याचं सांगण्याची रीत नव्हती. ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ या १९६५ च्या पुस्तकात त्यांनी चार अवस्था वर्णन केल्या. पहिलीत रुग्णाला काहीच ठाऊक नसतं. दुसरीत त्याला संशय येतो. तिसरीत रुग्ण आणि कर्मचारी दोघांनाही ठाऊक असतं, पण दोघेही ठाऊक नसल्याचं सोंग आणतात. चौथीत मोकळेपणाने बोललं जातं. ज्यांनी घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्यांना ही तिसरी अवस्था समजावून सांगावी लागत नाही. वाचणाऱ्या परिचारिकेला आपला वॉर्ड त्यात दिसला, हीच त्या मांडणीची पहिली परीक्षा ठरली.

दोन वर्षांनी ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी आपली पद्धत स्वतंत्र पुस्तकात मांडली. त्यातली ‘सॅच्युरेशन’ ही कल्पना पुढे जगभर गेली. नवीन माणसांशी बोलूनही एखाद्या कल्पनेत नवी काही भर पडेनाशी झाली, की थांबावं, असा तिचा साधा आशय. तिच्या पुढच्या प्रवासाबद्दल नंतर सांगायचं आहे.

मधल्या काळात भारतातल्या एका गावाने या साऱ्या प्रश्नाला वेगळीच धार आणली. पंजाबात लुधियाना जिल्ह्यात खन्ना या शहराभोवतालच्या गावांत हार्वर्ड विद्यापीठाने १९५४ ते १९६० या काळात कुटुंबनियोजनाचा मोठा अभ्यास चालवला. कार्यकर्ते दर महिन्याला घरोघरी जायचे, गर्भनिरोधक गोळ्या द्यायचे, नोंदी करायचे. गोळ्या स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण उत्साह वाढवणारं होतं. जन्मदर मात्र अपेक्षेप्रमाणे हलला नाही. १९७० साली महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यांतल्या मनुपूर गावात गेला आणि लोकांशी बोलला. गोळ्या घेतल्या, पण वापरल्या नाहीत, असं लोक मोकळेपणाने सांगू लागले. एवढ्या लांबून आलेल्या सभ्य माणसांना नाही म्हणून दुखवायचं कसं? आणि शेतावर राबायला मुलगे हवेत, तर गोळ्या वापरायच्या कशाला? वर्षानुवर्षं जमवलेल्या आकड्यांच्या आत काय दडलं होतं, ते गावकऱ्यांच्या या उत्तरांनी उघड केलं. ममदानीचं पुस्तक १९७२ साली आलं आणि ऐकण्याच्या ताकदीचा दाखला म्हणून ते आजही शिकवलं जातं.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि शिकवणारे पुष्कळदा तिथेच थांबतात. १९८२ साली मोनी नाग आणि नीरज काक यांनी मनुपूरचा पुन्हा अभ्यास केला. तोवर हरितक्रांती झाली होती, शेतीत यंत्रं आली होती, मुलांना शाळेत घालणं गरजेचं वाटू लागलं होतं, आणि त्याच गावातल्या जोडप्यांमध्ये गर्भनिरोधनाचा वापर चांगलाच वाढला होता. ममदानीने ऐकलं ते खोटं नव्हतं. ते १९७० च्या मनुपूरचं होतं. गरीब शेतकऱ्याला मुलं हवीच असतात, असा सार्वत्रिक नियम त्यातून काढणाऱ्यांनी मात्र घाई केली. एका गावात ऐकलेलं कुठवर लागू करायचं, याचं उत्तर त्या गावाचं सविस्तर वर्णन असेल तरच देता येतं. नाग आणि काक यांना तुलना करता आली, कारण ममदानीने आपलं गाव नावानिशी, जमिनींच्या आणि धंद्यांच्या तपशिलासह लिहून ठेवलं होतं.

ममदानीचं पुस्तक आलं, त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात स्टॅनफर्डचा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान याचा लेख छापून आला. आठ निरोगी माणसं पाच राज्यांतल्या बारा मनोरुग्णालयांत गेली आणि आपल्याला काही शब्द ऐकू येतात, एवढंच त्यांनी खोटं सांगितलं. नाव आणि व्यवसाय सोडले, तर बाकी सारं खरं. सर्वांना दाखल करून घेण्यात आलं. आत गेल्यावर त्यांनी लक्षणं दाखवणं बंद केलं, तरी सरासरी १९ दिवस आणि एकाला तर ५२ दिवस ठेवून घेतलं गेलं. त्यांनी टिपणं लिहिणं हेसुद्धा आजाराचं लक्षण म्हणून नोंदवलं गेलं. त्यांचं खरं रूप ओळखलं ते डॉक्टरांनी नाही, शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनी. लेखाची भाषा जबरदस्त होती. मानसोपचाराच्या विश्वासार्हतेला हादरा बसला. निदानाच्या कसोट्या काटेकोर करण्याची जी धडपड १९८० च्या नव्या निदानपुस्तिकेपर्यंत पोहोचली, तिच्यामागच्या कारणांत या लेखाची गणना होते.

पुढे पत्रकार सुझाना कहॅलन हिने रोझेनहानचे कागद, जुन्या फायली आणि हयात असलेली माणसं शोधून काढली. तिचं पुस्तक २०१९ साली आलं. रोझेनहान स्वतः १९६९ साली पेनसिल्व्हेनियातल्या ज्या रुग्णालयात खोटा रुग्ण म्हणून दाखल झाला होता, तिथल्या नोंदी तिला मिळाल्या. लेखात म्हटल्यापेक्षा कितीतरी जास्त लक्षणं त्याने डॉक्टरांना सांगितल्याचं त्यांत लिहिलेलं होतं, आत्महत्येच्या विचारांसकट. आठ जणांपैकी रोझेनहान सोडून एकाचाच माग तिला लागला. बाकीच्यांचा पुष्कळ शोध घेऊनही पत्ता लागला नाही.

आणि एक नववा होता. हॅरी लँडो हा रोझेनहानचा विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात असाच दाखल झाला होता. तिथलं वातावरण त्याला आपुलकीचं वाटलं, कर्मचाऱ्यांनी चांगलं वागवलं, असा त्याचा अनुभव. लेखात तो एका तळटीपेपुरता उरला : नवव्याने आपल्या पूर्वायुष्याबद्दल खोटी माहिती दिली, म्हणून त्याचा अनुभव वगळला आहे. लँडोने १९७६ साली स्वतःचा अनुभव स्वतंत्रपणे छापला, पण तो फारसा कुणी वाचला नाही. रोझेनहानच्या निष्कर्षाला छेद देणारा साक्षीदार त्याच्या घरात होता आणि त्याने त्याला दाराबाहेर ठेवलं. हा या इतिहासातला सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल. लहान नमुना, अपुऱ्या नोंदी, संशोधकाचा पूर्वग्रह हे सारं क्षम्य ठरतं. गॉफमनच्या पुस्तकातही यांतलं काही ना काही होतंच. पण गॉफमनने आपला कल सांगितला होता. लँडोचा अनुभव लेखात आला असता, तर लेख दुबळा झाला नसता. कोणत्या रुग्णालयात माणूस माणसासारखा वागवला जातो आणि का, हा अधिक उपयोगी प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच विचारला गेला असता.

कसोट्या ठरवण्याचं काम पुढे शिक्षणशास्त्राकडून आलं. इव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात चार निकष दिले. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना ते पटण्याजोगं आहे का? दुसऱ्या ठिकाणी लागू करायचं की नाही हे ठरवता येण्याइतकं वर्णन आहे का? संशोधन कसं घडत गेलं याचा माग ठेवला आहे का? आणि निष्कर्ष सामग्रीतून आले आहेत, संशोधकाच्या मनातून नाहीत, असं तपासता येतं का? हिशेबतपासनीस वह्या तपासतो तशा संशोधनाच्या वह्या तपासता याव्यात, ही कल्पना त्यांनी इंडियाना विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून घेतली होती. आरोग्यक्षेत्रात हे विचार सर्वांत आधी उचलले ते पुन्हा परिचर्याशास्त्राने. मार्गारेट सँडेलोव्स्की हिने १९८६ साली काटेकोरपणाच्या प्रश्नावर लिहिलं आणि सात वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच प्रश्नाकडे परत येऊन इशारा दिला : नियमांचा ताठरपणा इतका वाढू देऊ नका की त्यात जीव उरणार नाही. मुलाखत दिलेल्याला निष्कर्ष दाखवून त्याची संमती घेतली म्हणजे ते खरे ठरतात, या समजुतीवरही तिने बोट ठेवलं. माणसं काल बोललेलं आज विसरतात, बदलतात, कधी लाजतात.

याच सुमारास वैद्यकात पुराव्याधिष्ठित उपचारांची लाट आली. १९९३ साली उपचारांवरच्या अभ्यासांचे आढावे घेणारी कॉक्रेन संघटना उभी राहिली, पुराव्यांची उतरंड ठरली. तिच्यात यदृच्छ चाचण्या वर गेल्या आणि रुग्णाचं म्हणणं पायरीवरच राहिलं. दम्याचा रुग्ण इनहेलर का वापरत नाही, बाळंतीण दवाखान्यात यायला का कचरते, हे चाचणीतून कळत नव्हतं, हे डॉक्टरांनाही दिसत होतं. १९९५ च्या जुलैत बीएमजेने कॅथरीन पोप आणि निकोलस मेज यांची लेखमाला छापली. डॉक्टर वाचकांना गुणात्मक अभ्यास कसा वाचावा हे शिकवणं, हा तिचा हेतू. त्यांनी वाचकाच्या हाती काही प्रश्न दिले. आपल्या विश्लेषणाला छेद देईल किंवा त्यात बदल करायला लावेल अशी निरीक्षणं संशोधकाने मुद्दाम शोधली का, हा त्यांतला एक. लँडोबद्दल रोझेनहानला विचारायला हवा होता तोच प्रश्न.

प्रश्न चांगले होते. पण प्रश्नांच्या याद्या झाल्या, आणि याद्यांचे फॉर्म. ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या ‘कॅस्प’ या उपक्रमाची दहा प्रश्नांची यादी जगभर गेली. ब्रिटिश सरकारच्या कॅबिनेट ऑफिसने २००३ साली अठरा प्रश्नांची चौकट काढली. लेख छापून यायचा असेल, तर काही ठरावीक गोष्टी केल्याचं लिहावं लागतं, हे संशोधकांच्या लक्षात आलं. ग्लासगोच्या रोझलिन बार्बर हिने २००१ साली बीएमजेमध्येच यावर आवाज उठवला. हेतुपूर्वक निवडलेला नमुना, ग्लेझर-स्ट्रॉसची पद्धत, दोघांनी वेगवेगळं केलेलं कोडिंग (म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराची मुद्द्यांनुसार वर्गवारी), अनेक स्रोतांचा मेळ आणि मुलाखत दिलेल्यांकडून पडताळणी, या पाच गोष्टींची नावं घेतली म्हणजे काम चोख झालं असं मानलं जातंय आणि साधनंच संशोधनाला हाकू लागली आहेत, असं तिचं म्हणणं होतं. तिचा एकाही साधनाला विरोध नव्हता. विचार न करता ते वापरण्याला होता.

याद्या खरंच काम करतात का, याची परीक्षाही झाली, आणि तिचा निकाल प्रत्येक परीक्षकाने वाचावा असा आहे. त्याआधी, १९९७ साली, डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या प्रौढांच्या एका गटचर्चेचं लिखित रूप सहा अनुभवी संशोधकांना देऊन पाहिलं होतं. ठळक मुद्दे सर्वांना जवळपास तेच दिसले. ते एकमेकांशी जोडून अर्थ लावण्याची रीत मात्र प्रत्येकाची निराळी. पुढे मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनी स्तनपानासाठी मिळणाऱ्या आधाराबद्दलचे बारा गुणात्मक अभ्यास सहा जाणकारांकडून तीन प्रकारे तपासून घेतले : एकदा केवळ स्वतःच्या समजुतीवर, एकदा कॅस्पच्या यादीने, एकदा कॅबिनेट ऑफिसच्या चौकटीने. २००७ साली निकाल छापला गेला. जाणकारांमधलं एकमत अगदी थोडं होतं, आणि यादी हाती दिल्याने ते वाढलंही नाही. पद्धत नेटकी पण अर्थ कोता, की पद्धत विस्कळीत पण दृष्टी खोल, यांतलं काय स्वीकारायचं, यावरच परीक्षकांची मतं फाटत होती. असा निवाडा कागदावरच्या खुणांनी होत नाही. त्याला विषय जाणणारा, बराच वाचलेला माणूस लागतो.

त्याच वर्षी सिडनीतून अ‍ॅलिसन टाँग, पीटर सेन्सबरी आणि जोनाथन क्रेग यांनी ‘कोरेक’ ही बत्तीस मुद्द्यांची यादी प्रसिद्ध केली. आधीच्या बावीस याद्या चाळून ती तयार झाली होती. ती अहवाल कसा लिहावा यासाठी आहे. संशोधन चांगलं आहे की नाही हे ठरवण्यासाठी ती नाही. तरीही गुण दिल्यासारखा तिचा वापर सर्रास होतो. भारतातल्या प्रबंधांच्या मागेही ती आता भरून जोडलेली दिसते. तिच्यातला शेवटचा, बत्तिसावा मुद्दा वेगळ्या पडणाऱ्या व्यक्तींचं वर्णन आहे का, असं विचारतो. जो प्रश्न पहिला असायला हवा, तो यादीच्या तळाशी आहे.

आणि सॅच्युरेशन? ग्लेझर आणि स्ट्रॉसना कल्पना पिकेपर्यंत शोधत राहणं अपेक्षित होतं. २००६ साली ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखती तपासून असं दाखवलं, की त्यांच्या अभ्यासात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. त्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न ठरावीक होते, हे लेखकांनी सांगितलं होतं. पण बारा हा आकडा एकटाच सुटून जगभर फिरला. बारा मुलाखती झाल्या, सॅच्युरेशन आलं, असं लिहिणारे प्रबंध आज कुठल्याही विद्यापीठात सापडतील. गडचिरोलीतली गोंड आदिवासी स्त्री, नागपुरातली कामगार स्त्री आणि पुण्यातली संगणक अभियंता यांना एकाच अभ्यासात घेऊन बारावर थांबणं म्हणजे प्रत्येकीला अर्धवट ऐकून निघून जाणं.

याद्यांनी मान मिळेल, ही आशाही पुरी झाली नाही. ज्या बीएमजेने १९९५ ची लेखमाला छापली, त्याच बीएमजेने गुणात्मक लेखांना अगदी खालचं प्राधान्य असल्याचं कळवून एक लेख परत केला. त्यावर ट्रिश ग्रीनहाल्श आणि अकरा देशांतल्या एकूण ७६ ज्येष्ठ अभ्यासकांचं खुलं पत्र २०१६ साली त्याच नियतकालिकात छापून आलं. संपादकांनी उत्तर दिलं, मूळ भूमिका मात्र सोडली नाही.

दार उघडलं ते दुसरीकडून. डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांकडून माता-बालकांची कोणती कामं करून घ्यावीत, याच्या शिफारशी जागतिक आरोग्य संघटनेला ठरवायच्या होत्या. आपल्याकडच्या आशाताई त्याच जातीच्या कार्यकर्त्या. त्या कामासाठी क्लेअर ग्लेंटन, सायमन लेविन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले ५३ गुणात्मक अभ्यास एकत्र आणले. २०१३ साली आलेला हा कॉक्रेनचा पहिला गुणात्मक आढावा. त्यासोबत ‘सर्क्वल’ नावाची पद्धत आकाराला आली. ती लेखाला गुण देत नाही. एकेका निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा ते विचारते. मूळ अभ्यासांच्या पद्धतीत काय उणिवा होत्या, निष्कर्ष सामग्रीशी जुळतो का, सामग्री पुरेशी समृद्ध आहे का, आणि ती आपल्या प्रश्नाच्या जागेची आहे का, अशा चार अंगांनी विचार करून भरवशाची पातळी ठरते, आणि ती का ठरवली ते शब्दांत लिहावं लागतं. कारण लिहायला लागणं, हाच या पद्धतीचा मोठा गुण. २०१८ मध्ये संघटनेने बाळंतपणातल्या सेवेबद्दल शिफारशी केल्या, तेव्हा स्त्रियांना त्या अनुभवातून काय हवं असतं याबद्दलचा असा पुरावा शिफारशींच्या पायाशी होता.

महाराष्ट्राला हा सारा प्रवास परका नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास छापला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि एकूण स्त्रियांपैकी केवळ ८ टक्के जणींची पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेली होती. हा आकड्यांचा अभ्यास. पण श्वेतप्रदराबद्दल स्त्रिया काय समजतात, कशाला कारण मानतात, कुणाला सांगतात, यावरचा बंग दांपत्याचा स्वतंत्र अभ्यास १९९४ साली दिल्लीहून निघालेल्या एका ग्रंथात आला. भारतातल्या स्त्रिया आपल्या आरोग्याबद्दल जे बोलतात, त्यावरच तो ग्रंथ होता. मनुपूरला पुन्हा जाणारे मोनी नाग त्याच्या संपादकांत होते. २०००च्या आसपास मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. पाठोपाठ गोव्यात विक्रम पटेल यांच्या ‘संगत’मधल्या अभ्यासकांनी बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्यावरची सर्वेक्षणं आणि मातांच्या मुलाखती एकमेकींच्या शेजारी ठेवल्या, आणि घरातली भांडणं, मुलगी झाल्याची खंत, पैशांची तंगी हे सारं आकड्यांना अर्थ देऊ लागलं.

या जमिनीवर उभं राहून पाहिलं, की जगन्मान्य याद्यांतली एक उणीव ठळक दिसते. कोरेकच्या बत्तीस मुद्द्यांत मुलाखतकाराचा लिंगभाव विचारला आहे, वापरलेलं सॉफ्टवेअर विचारलं आहे, मुलाखत किती मिनिटं चालली तेही विचारलं आहे. मुलाखत कोणत्या भाषेत झाली आणि इंग्रजीत कुणी आणली, हे विचारलेलं नाही. माडिया, गोंडी, कोरकू, कोकणी किंवा अहिराणीत बोलणाऱ्या बाईचं म्हणणं मराठीतून इंग्रजीत जातं, इंग्रजीतच त्याचं कोडिंग होतं आणि मूळ आवाज कपाटात राहतो. दोन भाषांच्या मध्ये काय गळलं, हे परीक्षकाला कळायला वाव नसतो.

म्हणून आरोग्यविज्ञान विद्यापीठांतल्या आणि सामाजिक संस्थांतल्या मार्गदर्शकांना विनंती आहे : विद्यार्थ्याकडून याद्या जरूर भरून घ्या, पण प्रबंध स्वीकारण्याआधी तीन गोष्टी मागा. निदान दोन मुलाखतींचे सलग उतारे मूळ भाषेत, देवनागरीत, परिशिष्टात छापलेले असावेत. अनुवाद कुणी केला आणि अनुवादक त्या गावातला होता की बाहेरचा, ते लिहिलेलं असावं. आणि ज्या एका बाईचं किंवा बुवाचं म्हणणं बाकीच्यांशी जुळलं नाही, तिच्याबद्दल किंवा त्याच्याबद्दल निदान एक पान असावं. ते पान नसेल, तर प्रबंध परत पाठवावा.